माझ्या तोंडातला घास

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे, म्हणजे लाकूड गरगर फिरवून गोल कातणारं यंत्र. मला हात नाहीत, दातही नाहीत. तरी वालावलच्या निम्म्या गावाच्या अंगावर माझ्या खुणा आहेत. घाबरू नका, जवळ या. मोटर बंद आहे.

माझा जन्मच मारामारीतला. कोल्हापूरच्या एका ओतशाळेत मला आगीत वितळवलं, वाळूच्या साच्यात ओतलं आणि साचा घणाने फोडून, कानशीने खरवडून बाहेर काढलं. त्या दिवशी मी असा ओरडलो, की पंचगंगेचं पाणी दोन बोटं मागे सरकलं. खोटं वाटत असेल तर नदीला विचारा.

तरुणपण वेंगुर्ल्याला गेलं, पेद्रूच्या शेडमध्ये. त्याने माझ्यावर पलंगांचे पाय कातले. एकदा सागवानाचा एक पाय माझ्या तावडीतून सुटला, कौलं फोडून वर गेला आणि बंदरात उभ्या असलेल्या होडीची डोलकाठी मोडून मगच खाली पडला. पेद्रू म्हणतो, डोलकाठी आधीच मोडलेली होती. त्याचं वय झालंय, त्याला आठवत नाही.

पेद्रूचे गुडघे गेले तेव्हा त्याने मला वालावलच्या बाबलीकडे दिलं. बाबली काजूच्या बागेचा माणूस, त्याला माझं काय काम? पण त्याच्या मुलीला, भक्तीला, लाकडाची पेनं करायची होती. वादळात घरामागचा फणस आडवा झाला होता. त्या पिवळ्याधमक लाकडाचं सरपण होऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी घट्ट ठरवलं होतं.

पेन असं होतं, मित्रांनो. लाकडाच्या छोट्या ठोकळ्याला आरपार भोक पाडायचं, आत पितळेची नळी चिकटवायची आणि तो ठोकळा बारीक पोलादी सळईत ओवायचा. सळईचं एक टोक माझ्या तोंडात बसतं. तोंड म्हणजे आत निमुळतं होत गेलेलं भोक. दुसरं टोक माझी शेपटी दाबून धरते. मग मी फिरतो आणि पटाशीने लाकूड सोलत जायचं. ऐकायला किती सोपं!

पहिल्याच दिवशी मी ठोकळ्याच्या चिंधड्या केल्या. एक तुकडा भिंतीत रुतला, एकाने दिवा फोडला. पटाशी बोथट होती. बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ओरबाडते, आणि ओरबाडलेलं मला खपत नाही. भक्तीने तिला धार लावली. तेव्हा लाकूड कापलं गेलं, पण आतल्या नळीवर सैल होऊन गरागरा फिरलं आणि फुटलं. नळी गुळगुळीत, गोंद धरणार कशाला? तिने नळी पॉलिश कागदाने खरखरीत केली. मग माझा पट्टा सटकला आणि तिच्या मनगटावर चाबकासारखा वळ उठला. तिने पट्टा बदलला. पोरगी चिवट होती. ती बापाचं मोटारसायकलचं हेल्मेट घालून माझ्यासमोर उभी राहायची, लढाईला निघाल्यासारखी.

तरीही सळई थरथरायचीच. पेन एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. थरथर थांबावी म्हणून ती शेपटी आणखी आवळायची. त्याने सळईच वाकायची, आणि मी आणखी चवताळायचो. एकदा तिच्या हातातली पटाशी मी अशी भिरकावली, की ती बाबलीच्या कपाळाला लागली. रक्त भुवईवरून सदऱ्यावर उतरलं.

"ह्या मशीन न्हय, ह्या भूत आसा!" बाबली गरजला. "आनी एकदा कोणाचा रगत काढल्यान, तर घणान फोडून भंगारात घालतलंय!"

"बाबा, ह्येका काय तरी दुखता," भक्ती म्हणाली.

"ह्येका दुखता? फुटला ता माझा कपाळ!"

बाबलीने राखणदाराला, गावाची राखण करणाऱ्या देवाला, कोंबडा कबूल केला. बुधवारी माझ्यासमोर नारळ ठेवला, कोंबडा पायाशी धरला आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या यंत्रात कोणाची छाया आसात, कोणाची नजर आसात, तर ती भायर काड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" भक्ती आणि तिची आई सीता म्हणाल्या.

सुरी फिरली. मुंडक्याविना कोंबडा अंगणभर नाचला, आणि चार थेंब माझ्या उघड्या तोंडात उडाले. मी सांगतो, त्या कोंबड्याचं मुंडकं तुळशीपर्यंत जाऊन एकदा आरवलं.

"आता लाव," बाबली म्हणाला.

भक्तीने बटण दाबलं. मी कधी नव्हे असा हादरलो. टेबल नाचू लागलं. ठोकळा फुटला आणि सुऱ्यासारखी एक ढलपी थेट तिच्या डोळ्यावर गेली. हेल्मेटची काच तडकली, ढलपी तिच्यात रुतून बसली. डोळा वाचला. पण काचेचा कपचा गालाला लागला आणि रक्त हनुवटीपर्यंत आलं.

मोटर बंद करून बाबलीने कोपऱ्यातला घण उचलला. ज्या घणाने मी जन्मलो, तोच माझ्या डोक्यावर आला होता! मित्रांनो, तेव्हा मला बोलता आलं असतं तर सगळं सांगितलं असतं. पण तोंडात घास असताना बोलायचं कसं?

"बाबा, थांबा!" भक्ती मध्ये आली.

"सर बाजूक. डोळो गेलो आसतो तुझो!"

"फोडा मगे. पण आधी हयसर बघा. लोखंडाक मुंगे कधीपासून लागाक लागले?"

सळई माझ्या तोंडातून निसटली होती. तिच्या टोकावरून तांबड्या मुंग्यांची रांग आत चालली होती. भक्तीने बोट आत घालून फिरवलं. बोट चिकट निघालं. तिने वास घेतला.

"गूळ! गूळ आनी खोबरा!"

बाबलीचा घण अर्ध्यावरच थांबला. दोघांनी वळून सीतेकडे बघितलं. ती पदराचं टोक पिळत होती.

"मीच गो," ती म्हणाली. "देवाक निवेद दाखवतंय, तुळशीक ठेवतंय, गाईक घास देतंय. ह्येचा तोंड सदीच उघडा. माका वाटला, उपाशी आसा बिचारो."

"आये! रोज?"

"सणाक जरा जास्त."

बाबलीने घण खाली ठेवला आणि तो हसता हसता माझ्याच अंगावर टेकला. गुळाचा थर आत दगडासारखा सुकला होता, त्यावर कोंबड्याचं रक्त. अशा तोंडात सळई सरळ बसणार कशी? भक्तीने काठीला फडकं गुंडाळलं, रॉकेलमध्ये भिजवून माझा घसा आतपर्यंत पुसला, कोरडा केला. वाकलेली सळई फेकून नवी बसवली. शेपटी लागेल तेवढीच आवळली.

आणि मी फिरलो. सळईचं टोक असं स्थिर, की फिरतंय की उभं आहे तेच कळेना. फणसाची पिवळी सालपटं रिबिनीसारखी सुटत गेली. पहिलं गोल पेन भक्तीने आईच्या हातात दिलं. सीतेने ते आधी देवापुढे ठेवलं.

मित्रांनो, आम्ही यंत्रं उगाच चावत नाही. आमची धार बघा, पट्टा बघा, आणि आमच्यावर प्रेम असेल तर तोंड पुसा, भरवू नका.

यंदाच्या खंडेनवमीला कोंबडा नव्हता, नुसता नारळ. बाबलीने हात जोडले. "बा म्हाराजा, ह्येच्या तोंडात जो कोण काय घालीत, त्येका तूच बघून घी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज सीतेचा होता. पण तिची एक मूठ पदराआड घट्ट बंद होती आणि त्या मुठीतून गुळाचा वास येत होता.

मला तोंड मिटता येत नाही, मित्रांनो. तेवढं लक्ष ठेवा.