भिंतीला गोधड्या

घरी बसून काम करणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोनच नावं आहेत. महिन्याचा पगार असेल तर 'बिझी', नसेल तर 'रिकामा'! अशाच एका घरात दोन्ही नमुने होते. धाकटा मुलगा कंपनीत होता आणि बरेच दिवस घरूनच काम करायचा. त्याचं दार लागलं की बाबा स्वतः उठून टीव्ही बंद करायचे, आईला मिक्सर लावू द्यायचे नाहीत, कुणी बेल वाजवू नये म्हणून जिन्यात जाऊन उभे राहायचे.

थोरली गायची. स्वतः गाणी बांधायची, स्वतःच रेकॉर्ड करायची, कार्यक्रम करायची. हेच तिचं पूर्णवेळ काम होतं आणि त्यावर तिचं भागतही होतं. आवाज घुमू नये म्हणून तिनं मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गोधड्या टांगल्या होत्या. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ती खोली दाखवायचे. "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात ना? आमची गोधड्या लावते!" पाहुणे पोट धरून हसायचे. सुरुवातीला तीही हसायची. पण मग बँकेत कोण जाणार? ती. आत्याला डॉक्टरकडे कोण नेणार? ती. गॅसवाल्याची वाट कोण बघणार? तीच. कारण काय, तर ती रिकामी!

एका मोठ्या नाटक कंपनीला नव्या नाटकासाठी गाणारी हवी होती. काम मिळालं असतं तर गाणी हिनंच बांधायची आणि प्रयोगांत हिनंच गायची. ती मंडळी संगणकावरून हिचं गाणं थेट ऐकणार होती. आदल्या दिवशी जेवताना तिनं अक्षरशः हात जोडले. "उद्या सकाळी कुणीही दार उघडू नका. बाबा, खास तुम्हाला सांगतेय."

"बरं बरं, चालू दे तुझं काय ते," बाबा म्हणाले.

सकाळी तिनं सूर लावला. काय सुरेख लागला होता! अंतऱ्याला आवाज चढला आणि बाबांनी धाडकन दार उघडलं.

"अगं, रिकामी आहेस ना? धाकट्याची मीटिंग आहे. त्याचा शर्ट इस्त्रीवाल्याकडून आण बघू पटकन!"

पलीकडे कुणीतरी खुदकन हसलं. मग एका बाईंनी सौम्यपणे विचारलं, "तालमी दिवसभर चालतात आमच्या. घरातून सवड मिळेल ना तुम्हाला?" ती हो म्हणाली, पुन्हा गायला लागली. पण सूर काही केल्या लागेना. काम दुसरीला गेलं.

ती भांडली नाही. तिनं शर्ट आणून दिला. पुढे एका दुकानात काउंटरवर नोकरी धरली आणि गोधड्या उतरवून, घड्या घालून कपाटात ठेवल्या. बाबा खूश! त्यांची मोठी बहीण, म्हणजे आत्या, घरी आली तेव्हा दारातच म्हणाले, "आक्का, लागली बरं का एकदाची मार्गाला!"

सगळं ऐकून घेतल्यावर आत्या म्हणाली, "मार्गाला? अरे, ती मार्गावरच होती. तूच आडवा पडला होतास!"

"मी काय केलं? दार उघडून दोन शब्द बोललो, एवढंच ना?"

"धाकट्याचं दार उघडलंस कधी असं?"

"त्याचं ऑफिस असतं गं."

"आणि तिचं काय असतं?"

बाबा उठून पंखा वाढवायला गेले, पण आत्या थांबली नाही.

"एकाच्या दाराबाहेर तू पहारेकरी आणि दुसरीच्या दारातली धोंड! पिकतं तिथे विकत नाही, हे ठाऊक होतं मला. पण तू तर पीकच तुडवलंस. आणि मीही शहाणी, डॉक्टरकडे तिलाच घेऊन जायचे."

आत्या गेल्यावर बाबा मागच्या खोलीत शिरले. भिंती उघड्या पडल्या होत्या, नुसते खिळे राहिले होते. त्यांना खोकला आला, तोही खोलीभर घुमला. त्या घुमण्यापायीच पोरीनं गोधड्या लावल्या होत्या, हे त्यांना आत्ता कळलं! त्यांनी कपाट उघडलं आणि एकेक गोधडी पुन्हा टांगली.

संध्याकाळी थोरली कामावरून आली.

"चुकलं माझं, बाळ. तू बस गायला. दाराबाहेर मी उभा राहतो. बघतो कोण येतो ते!"

तिनं गोधडीवरून हात फिरवला. डोळे भरून आले, पण ती खोलीत गेली नाही.

"आज नको, बाबा. दिवसभर उभी होते, पाय दुखतायत. आणि आता मी रिकामी कुठे असते?"

ती टोमणा मारत नव्हती. खरं तेच सांगत होती, आणि म्हणूनच ते बाबांच्या काळजात घुसलं.

परवा खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. "नात दिवसभर पेटी वाजवत बसते हो, रिकामटेकडी!"

"तो शब्द पुन्हा काढू नका!" बाबा एवढ्या जोरात ओरडले की काका दचकले. "ती काम करतेय. मी माझ्या मुलीचं काम बंद पाडलंय, तुम्ही तरी पाडू नका."

मंडळी, सभागृहात टाळ्या वाजवायला आपण सगळेच जातो. पण ते गाणं आधी कुठल्यातरी घरात, बंद दारामागे तयार होत असतं. कला हेही काम आहे. त्या दाराला ऑफिसच्या दाराइतका मान द्या, आणि वेळेवर द्या. बाबांनी दिला, पण उशिरा. गोधड्या अजून भिंतीवरच आहेत. बाबा रोज सकाळी त्यांच्यावरची धूळ झटकतात आणि बाहेर येताना दार हळूच लावून घेतात.