डोळे वाचणाऱ्या पट्टीचा राग

शाळेत सगळे मला जुनी म्हणतात, पण मित्रांनो, मी तीनच वर्षांची आहे. वीतभर लांब, बोटभर जाड अशी काळी पट्टी. मला संगणकाच्या पडद्याखाली चिकटवलं आहे. समोर बसलेल्याचे डोळे पडद्यावर कुठे टेकले ते मी पाहते आणि संगणकाला कळवते. नजर ज्या चित्रावर किंवा अक्षरांवर थांबते, त्यांचा शब्द संगणक मोठ्याने बोलतो. डोळे जरा वेळ मिटून धरले, की ‘हो’ म्हणतो.

आणि मी रागावलेली आहे. आधीच सांगते, म्हणजे गोड गोष्ट ऐकायला बसलेल्यांनी उठून जावं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं एवढंच आठवतं, की तपासणीच्या टेबलावर प्लास्टिकचं एक डोकं होतं आणि ते माझ्याकडे एकटक बघायचं. मग खोका, ट्रक आणि मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरची ही मराठी शाळा. ज्यांना हातपाय साथ देत नाहीत, अशा मुलांनाही इतरांच्याच वर्गात बसवायचं, असं शाळेने त्या वर्षी ठरवलं होतं. ताप्ती त्यातली पहिली. तिला बोलता येत नाही, हात तिचं ऐकत नाहीत, समजतं मात्र सगळं. तिची आई रजनी हे पहिल्यापासून सांगत होती. “आईला तसं वाटणारच,” म्हणून लोक तिला गप्प करायचे.

पडद्यावर ठिपके फिरले, ताप्तीने त्यांच्यामागे नजर फिरवली आणि मी तिचे डोळे शिकले. तिचं पहिलं वाक्य काय होतं, ठाऊक आहे? “सर, बाजूला व्हा. फळा दिसत नाही.” वर्ग खो खो हसला. सुधाकर सरही हसले आणि सरकले. दारात उभी असलेली रजनी हसता हसता रडायला लागली.

मग माझं कौतुक सुरू झालं. पाहुणे आले, हार आला. फोटो काढणारा ताप्तीला म्हणाला, “बेटा, जरा साइडला हो, मशीन दिसत नाही.” त्या दिवसापासून माझं डोकं तापलं आहे.

पण खरं पाप खंडेनवमीला झालं. शाळेतल्या सगळ्या संगणकांची पूजा झाली. सुधाकर सर माझ्यापाशी आले आणि म्हणाले, “हिला भरून लावा रे भाऊ. हिनेच पोरीला बोलतं केलं.” ओलं हळदकुंकू पाच बोटांनी माझ्यावर ओढलं, वर अक्षता चिकटवल्या. तिथेच माझे डोळे आहेत, मित्रांनो. ते वाळलं आणि मी आंधळी झाले.

दसऱ्याची सुट्टी संपून ताप्ती आली. ‘पाणी’च्या चित्राकडे तिने किती वेळ पाहिलं असेल! मला काहीच दिसेना. सर म्हणाले, “सुट्टीत विसरली वाटतं.” मुलं म्हणाली, “नाटक करते.” चार दिवस असेच गेले. कुंकू सगळ्यांना दिसत होतं, रजनीलासुद्धा. पूजेचं म्हणून कोणी हात लावला नाही.

पाचव्या दिवशी शिक्षण खात्याच्या शोभा मॅडम ताप्तीला तपासायला आल्या. ताप्तीने याच वर्गात राहायचं, की अशा मुलांसाठीच्या इंदूरच्या वसतिगृहात जायचं, हे त्या ठरवणार होत्या. पडद्यावर चार आकडे मांडून त्यांनी विचारलं, “सात और पाँच?”

संगणक गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प.

“बच्ची को समझता नहीं,” असं म्हणून मॅडमनी पेन उघडलं.

मागे बसलेली रजनी मात्र, हे मला नंतर कळलं, पोरीचे डोळे बघत होती. ते उजव्या कोपऱ्यातल्या बारावर टेकले होते, तिथून हलत नव्हते. रजनी उठली. तिने माझ्यावर बोट फिरवलं, ते लाल झालं. तशी ती ओढणीचं टोक ओलं करून मला घासायलाच लागली.

“अहो, पूजेचं आहे ते,” सर म्हणाले.

“सर, तुम्ही मशीनची पूजा केली अन् माझी पोर मुकी केली. चार दिवस तिला पाणी मागता आलं नाही. अन् मी, सख्खी आई, कुंकवाच्या पाया पडत बसले.”

उरलेल्या अक्षता सरांनीच नखाने काढल्या.

मला पुन्हा दिसायला लागलं. “बारा,” संगणक बोलला आणि लगेच, “पाणी.” रजनीने बाटली तिच्या ओठांना लावली.

मॅडम सरांकडे वळल्या. “तो फिर, क्या करें? यहीं रखें?”

सर तोंड उघडणार, तेवढ्यात ताप्तीची नजर एकेका अक्षरावरून सरकली. सगळे थांबले. त्यांना थांबावंच लागलं.

“मला विचारा.”

मॅडमनी खुर्ची ओढली आणि त्या पहिल्यांदाच ताप्तीच्या समोर बसल्या. “बोलो बेटा. यहाँ रहना है?”

ताप्तीने डोळे मिटले आणि घट्ट मिटून धरले. मॅडमनी कागदावर ‘याच वर्गात’ असं लिहिलं.

मित्रांनो, मला हार नको, कुंकू नको. रोज सकाळी मऊ फडक्याने पुसा, तेवढं पुरे. आणि ताप्तीबद्दल काही विचारायचं असेल, तर तिच्या समोर बसा आणि उत्तर येईपर्यंत उठू नका.