निबंधाचा काठ

बेंगळूरपासून तीन तासांवरच्या आमच्या चामराजपुरममध्ये स्पॅनिश शिकवणारी मी एकटीच. त्यामुळे मी चांगली शिकवते की वाईट, हे ठरवायला दुसरं कुणी नाही, आणि ते माझ्या चांगलंच पथ्यावर पडलं आहे. माझं नाव वेदवती. हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात स्पेनहून यंत्रं यायची. त्यांची माहितीपत्रकं इंग्रजीत आणण्यात माझी अठरा वर्षं गेली. निवृत्त झाले आणि पुढच्या खोलीत चार खुर्च्या मांडल्या. घरामागून चामराजनगरची आगगाडी जाते. ती गेली की तावदानं थरथरतात आणि माझं मन तिच्याबरोबर निघून जातं. कुठल्या तरी नदीकाठी वाळूवर लांबच लांब कापडं वाळत पडलेली दिसतात, त्यांच्यावर कुणीतरी पाणी शिंपडत असतं. विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे. ते मी परत येईपर्यंत वाट बघतात आणि मग पुढचं क्रियापद चालवायला घेतात.

मन असं भटकं असलं तरी जीभ तिखट आहे. गौरानं ती पुरेपूर सोसली.

गौरा इथल्या मराठी रंगाऱ्यांची. तिचे आजोबा कापड रंगवून लाकडी ठशांनी छापायचे. वडील कृष्णाजीही तरुणपणी तेच करत. आता हूटगळ्ळीत घराला लागून फ्लेक्स छापायचं दुकान आहे. स्पेनमधल्या एका कापडकलेच्या शाळेनं गौराला जागा देऊ केली होती. अट एकच, स्पॅनिशचं बी-टू पातळीचं प्रमाणपत्र जुलैअखेर त्यांच्या हातात पडलं पाहिजे. परीक्षा मे महिन्यात, बेंगळूरला. तेवढी एकच संधी. हुकली तर जागा दुसऱ्याची.

ऐकणं, वाचणं, बोलणं, तिन्ही तिला येत होतं. निबंधाशी मात्र घोडं पेंड खात होतं. विषय तर जवळजवळ ठरलेला. हल्ली जिकडेतिकडे तोच विचारतात, यंत्र आता चित्रं काढतं, कविता करतं. माणसाच्या निर्मितीला जागा उरली आहे का? तुमचं मत लिहा, दीडशे ते एकशे ऐंशी शब्दांत.

त्यावर माझा एक तयार निबंध होता. सुरुवातीला ‘तंत्रज्ञान ही दुधारी तलवार आहे’, मग ‘सिन एम्बार्गो’, म्हणजे ‘तरीसुद्धा’, मग ‘पोर ओत्रो लादो’, म्हणजे ‘दुसऱ्या बाजूनं पाहता’, आणि शेवटी ‘समतोल साधायला हवा’. माझे नऊ विद्यार्थी त्या एकाच तलवारीवर पास झाले होते. मी तो निबंध सगळ्यांना पाठ करायला लावायची आणि त्याचा मला अभिमानही होता.

मार्चमध्ये पहिली सराव परीक्षा घेतली. घड्याळ लावलं. वेळ संपल्यावर कागद उचलला तर वर पहिला परिच्छेद अगदी रेखीव, खाली शेवटचा परिच्छेद तितकाच रेखीव, आणि मध्ये वीतभर कोरी जागा.

“हे काय गं? पान मांडलंस, मीठ-लिंबू वाढलंस, आणि भाताचा पत्ता नाही!”

“मिस, आधी वरचा काठ, मग खालचा. मधलं मागनं, निधानवागि, निवांत भरायचं असतं,” ती म्हणाली. “आमच्यात तसंच करतात.”

“तुमच्यात साड्या छापतात. हा निबंध आहे.”

“हौदु मिस,” तिनं होकार दिला, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेलाही तेच. लहानपणी शाळेतून आल्यावर ती वडिलांच्या छपाईच्या मेजाशी उभी असायची, तिथं हात जे शिकला ते शिकला. माझ्या ओरडण्यानं तो थोडाच बदलणार होता? ये रे माझ्या मागल्या. शेवटी रागाच्या भरात मी बस धरली आणि हूटगळ्ळी गाठली, बापालाच दोन शब्द सुनवावेत म्हणून.

दुकानात फ्लेक्सचं यंत्र चालू होतं. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक छापला जात होता. यंत्रातून आधी केस आले, मग कपाळ, मग अर्धे डोळे. माणूस हळूहळू जगात येत होता आणि कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. मी मात्र भांडायला आलेली बाई तिथंच उभी राहिले आणि त्याची हनुवटी येईपर्यंत बघत होते.

कृष्णाजी हात पुसत पुढे आले. “बरी, या मॅडम. बसा की.”

मी बसले नाही. सगळं सांगितलं. पोरीला काठापासून सुरुवात करायची सवय तुम्ही लावली आहे आणि त्या सवयीपायी तिची जागा जाणार आहे, असं तोंडावर सांगितलं. ते रागावले नाहीत. मला मागच्या पडवीत घेऊन गेले. तिथं छपाईचं मेज अजून होतं, वर गोणपाटाचे थर आणि त्यावर ताणून बसवलेलं जुनं धोतर. एका फडक्यातून त्यांनी ठसा काढला, रंगाच्या तबकात टेकवला, कापडाच्या कडेला ठेवला आणि त्यावर मुठीनं एक ठोका दिला. ठसा उचलला. पान, वेल, पान. पुन्हा ठोका. हात वीतभर सरकायचा, मूठ पडायची, हात सरकायचा. ऊन पत्र्याच्या फटीतून येत होतं. मला वाटलं, हा माणूस असाच छापत राहील, कापड मेजावरून खाली उतरेल, अंगणातून रस्त्यावर जाईल, आणि दूर बन्नूरच्या उसाच्या मळ्यांपर्यंत वेलच वेल होऊन जाईल.

“काठ वाकडा गेला की सगळं कापड वाकडं, मॅडम,” ते म्हणाले. “म्हणून काठ आधी. माझ्या वडिलांनी मला तसंच शिकवलं.”

“आणि मधलं आधी असं कधीच नसतं?”

त्यांनी ठसा खाली ठेवला.

“एकालाच. देवीच्या छताला. हिंगुळांबेच्या डोक्यावर बांधतात ते कापड. त्याला मधलं कमळ आधी. कमळाखाली देवी बसणार, अल्वा, हो की नाही? ते नीट मधोमध पडलं पाहिजे. मग उरेल तेवढ्या जागेत काठ. मान वर करून काठ कोण बघतंय?”

गौरा दारात कॉफीचे पेले घेऊन उभी होती. “अय्यो मिस,” ती म्हणाली, “निबंध म्हणजे छत आहे म्हणून आधीच सांगायचं की!”

मी कपाळाला हात लावला. दोन महिने घसा फोडून जे जमलं नव्हतं, ते एका वाक्यात झालं. दुसऱ्याच दिवसापासून ती कागदाच्या मध्यापासून लिहायला लागली.

पण मग दुसरंच उघड झालं. माझ्या तयार निबंधाला मध्यच नव्हता. तलवार, तरीसुद्धा, समतोल, सगळा नुसता काठ. मध्ये काय, तर ‘यंत्रामुळे वेळ वाचतो, परंतु यंत्राला भावना नसतात’.

“मिस, हे कुणाचं मत?” गौरानं विचारलं.

“परीक्षकांना आवडतं ते मत.”

“तुमचं नाही?”

मी तिला झापलं. शहाणपणा परीक्षेनंतर कर म्हटलं. पण खरं सांगते, मला लाज वाटली. अठरा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं या भाषेतून त्या भाषेत नेली, आणि स्पॅनिशमध्ये माझं स्वतःचं असं एकही वाक्य मी कधी लिहिलं नव्हतं. ते मला त्या चोवीस वर्षांच्या पोरीसमोर कबूल करवेना. उलट मी तिला बजावलं, “हे बघ, संधी एकच आहे. तिथं धाडस नको. पाठ केलेलंच लिही.” तिनं ‘हूं’ म्हटलं.

परीक्षा होऊन ती परतली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याकडे आली. बाहेर फुलांचा सडा पडला होता, गल्ली पेंगत होती.

“काय विचारलं?”

“तेच, मिस.”

“आणि काय लिहिलंस? तलवार?”

“सुम्ने, गप ऐका, मिस,” ती म्हणाली, आणि डोळे मिटून स्पॅनिशमध्ये म्हणून दाखवायला लागली. मी ते मराठीत सांगते.

‘माझे वडील कापड छापायचे. आता यंत्र छापतं आणि ते यंत्राशेजारी उभे राहतात. यंत्र वाईट नाही, त्याच्यामुळेच मी शिकले. पण दुपारी जेवून वडील आडवे होतात, तेव्हा झोपेत त्यांची उजवी मूठ चटईवर ठोके देते. एक ठोका, मग हात वीतभर सरकतो, मग दुसरा ठोका. ते काय छापत असतात, मला माहीत नाही. ते कापड कुणीच पाहिलेलं नाही. मी रोज शेजारी बसून बघते. वेल असेल का? की आजवर कुणी न छापलेलं काही? यंत्र त्याला दिलेलं सगळं छापू शकतं. हे त्याला कुणी कसं देणार?’

मागून गाडी गेली. तावदानं थरथरली. मी जागची हलले नाही.

“आणि काठ?” मी विचारलं.

“वर एक ओळ, खाली एक ओळ. वेळच संपला.”

निबंध सुंदर होता, आणि धड शेवट नसलेला निबंध पास होत नाही असं मीच इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. जाताना ती चपला घालता घालता थांबली.

“मिस, बाबांना सांगू नका. नापास झाले तर त्यांच्यामुळं झाले म्हणून वाटेल त्यांना.”

जून सगळा मी त्या एका ओळीच्या काठाच्या काळजीत घालवला. इतरांना शिकवताना मध्येच थांबायची. खिडकीबाहेर बघताना मला कृष्णाजींचं ते न पाहिलेलं कापड दिसायचं. कधी निळं, कधी नुसतंच पांढरं, आणि त्याला कुठेच कडा नसायची.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल लागला. गौरा पास झाली. लेखनात अगदी काठावर, पण पास. तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या बाई काय झालं म्हणून धावत आल्या.

दोन दिवसांनी कृष्णाजी आले. एकटेच. केळी, फुलं, नारळ टेबलावर ठेवले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. विमानाचं, व्हिसाचं, थंडीच्या कपड्यांचं बोलून झालं. मग म्हणाले,

“मॅडम, एक विचारू? पोरीनं तिथं लिहिलं तरी काय? मी विचारलं तर सांगत नाही. नुसती हसते.”

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. शब्द न् शब्द मला पाठ होता. मूठ, चटई, सरकणारा हात, सगळं सांगितलं. शेजारी बसून रोज बघते, हेही सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

“मला ठाऊकच नव्हतं,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत घरात कुणी सांगितलं नाही.”

“तिला ते स्वप्न मोडायचं नसेल.”

“ती बघत बसायची?”

“रोज.”

त्यांनी आपला उजवा हात मांडीवर उलटा करून पाहिला. मग एकदम वर पाहिलं.

“आणि हे लिहिलं म्हणून पास झाली?”

“हो. दुसरं काहीही लिहिलं असतं तर झाली नसती, असं मला आता वाटतं.”

“म्हणजे, मॅडम, मला एवढं बघितलं म्हणूनच ती आता जाणार. अल्वा?”

“हौदु,” मी म्हणाले. कृष्णाजींनी तो हात दुसऱ्या हातात घट्ट धरला, आणि माझ्यासमोर, भर दुपारी, मोकळेपणानं रडले.