बेरीतला रातकिडा

बेरीची, वाळूत खोदलेल्या आमच्या अरुंद विहिरीची, भिंत ढासळली तेव्हा मी तळाशी गाळ उपसत होते. वाळू आली ती छातीपर्यंत येऊनच थांबली. उजवा हात खांद्यापर्यंत आत. डावा तेवढा मोकळा.

"जेतू! जिवंत आहेस ना गं?" वरून सासू, धाईमा.

"आहे, मा."

"मग हलू नकोस. तुझ्या कमरेचा दोर ओढला तर उरलेली भिंतही येईल. टोपली सोडते, एका हातानं भर. भाकऱ्या तरी कुठं दोन हातांनी थापल्यासारख्या दिसतात तुझ्या!"

आवाज चेष्टेचा, पण कापरा. तिचा लेक, माझा नवरा वेरसी, बकऱ्या घेऊन टेकाडांपलीकडे. ढाणीवर, वाळवंटातल्या आमच्या एकट्या वस्तीवर, आम्ही दोघीच.

मी भरी, ती ओढी. पण उपसावी तेवढी वाळू गालाशेजारून झरे. बघते तर भिंतीत तो, वाळूतला रातकिडा. पंखांची टोकं शेपटीशी चटईसारखी गुंडाळलेली, पाय पानासारखे पसरट. आपल्यामागं दार लोटत आत चालला होता, आणि त्यानं लोटलेली वाळू माझ्या अंगावर. हनुवटी बुडू लागली.

"मा, रातकिडा आहे. चिरडते."

"खबरदार! त्याच्या बिळाची ओल बघूनच माझ्या सासऱ्यांनी ही बेरी खोदली. वर पाठव."

धरला. कडकडून चावला. टोपली वर गेली तशी किंचाळी आली, "मी सुनेला काढायला बसले, ही किडे पाठवते!"

हसायला गेले, तर हसण्यापुरतीही जागा छातीत नव्हती.

धार थांबली. टोपल्यांमागून टोपल्या गेल्या. छाती सुटली, दंड दिसला, पण हात सुटेना. खांद्यापासून मनगटापर्यंत हाडाचा चुडा. कड्याकड्यांत ओली वाळू घट्ट बसलेली. जरा ओढला की भिंत भुरभुरे.

"मा, चुडा अडकलाय."

फोडल्याशिवाय सुटणार नव्हता. चुडा फोडतात तो नवरा गेल्यावर. आणि ती त्या नवऱ्याची आई.

"फोड," ती म्हणाली.

"पण मा..."

"फोड म्हणते ना! वेरसीला मी पोटात वाढवलाय. त्याचा जीव तुझ्या कोपराला नाही टांगलेला."

टोपलीतून खुरपं आलं. एकेक कडं उघडं पडे, एकेक मी फोडी. प्रत्येक आवाजाला वर ती देवाचं नाव घेई, मोठ्यानं, भांडल्यासारखं.

हात निघाला. मग कंबर, मग गुडघे. उन्हं कलताना मी काठावर पालथी पडले होते. बकऱ्यांच्या घंटा ऐकू आल्या. मी रक्ताळलेला उघडा हात ओढणीत लपवू लागले.

धाईमा उठली, वाटेत जाऊन उभी राहिली आणि लांबूनच लेकावर ओरडली, "आधी मला काय बोलायचं ते बोल. मग तिच्याकडे बघ!"