चपलांच्या रांगेतली कुबडी

दोन हजार सहा साल होते. त्या वर्षी चेन्नईत घरोघरी सांधे धरणारा ताप शिरला होता. धडधाकट माणसेसुद्धा भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जात होती. मी सांगते ती गोष्ट त्या सालची.

मित्रांनो, मी सागवानाची कुबडी आहे. तेव्हाही जुनी होते, आता तर फारच जुनी झाले आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी हळू आवाजात, गोड करून सांगावी अशी तुमची सवय आहे. सुरुवात मी तशीच करीन. शेवटपर्यंत ते जमेल असे मात्र नाही, कारण मला राग आलेला आहे आणि इतक्या वर्षांत तो उतरलेला नाही.

माझा जन्म तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत झाला. तिथल्या सुताराकडे मॅन्शनमध्ये, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारतीत, राहणाऱ्या सड्या पोरांसाठी खाटा बनत. अशाच एका खाटेतून उरलेल्या लाकडाची मी. रेल्वेच्या कचेरीतले मानाजीराव आपल्या मुलीला घेऊन आले होते. हे घराणे तंजावरचे, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले, पण घरात मराठी बोलणारे. मुलीचे नाव कृष्णवेणी, घरात वेणी. ती अगदी लहान असताना पोलिओने तिचा डावा पाय वाळवला होता. सुताराने तिला चौकटीला टेकून उभे केले आणि खडूने काखेपाशी खूण करायला गेला, तशी ती गुदगुल्या होऊन खदखदून हसली. मी या जगात पहिला आवाज ऐकला तो हा.

तिची आत्या सकवारबाई. बालपणीच विधवा झालेली, भावाच्या घरी राहिलेली. तिने आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा कापून, कापूस भरून माझ्या माथ्याला गादी शिवली. मग मी कामाला लागले; वेणी उंच होत गेली तसा सुतार मला खालून जोड देत गेला. शाळा, कॉलेज, मांबलम स्टेशनचा जिना, भाजीबाजार. मरीनावर माझा पाय वाळूत रुतायचा आणि वेणी हसत मला उपटून काढायची. देवळात बायका माझ्यावरून हात फिरवून म्हणत, "काय गुळगुळीत लाकूड आहे!" मला फार बरे वाटे.

आता एक रिवाज सांगते. तो नीट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळे त्यावरच घडले.

आमच्या घरात चप्पल उंबऱ्याच्या आत येत नसे. आणि माझा पाय तर रस्त्यावरून चालणारा. सकवारबाईंच्या हिशेबी मी चपलेच्याच जातीची. म्हणून वेणी घरी आली की दारात चपला काढी आणि त्यांच्या शेजारी मला भिंतीला टेकवी. आत ती माझ्याशिवाय वावरे. एक हात भिंतीला, दुसऱ्याने डावी मांडी दाबलेली. भिंत, कपाट, टेबल, खुर्ची, असा तिचा रस्ता ठरलेला होता. दुसऱ्यांच्या घरीही ती तसेच करी. मला कधी वाईट वाटले नाही. चपलांच्या रांगेत उभे राहून मी घरातले बोलणे ऐकत असे. त्यातच माझे आयुष्य गेले.

मानाजीराव गेले. मग वेणीची आई गेली. नोकरी करता येत नाही अशा अपंग मुलीला बापाचे पेन्शन मिळते, तसे ते वेणीला मिळू लागले. वेस्ट मांबलमच्या त्या दोन खोल्यांत आता वेणी आणि आत्या अशा दोघीच. भाडे, औषधे, रसमातला टोमॅटोसुद्धा त्या पेन्शनातून. ते थांबले असते तर दोघींना कुणाच्या तरी दारी जावे लागले असते, आणि वेगवेगळ्या दारी.

तर दोन हजार सहा. वेणी पन्नाशीला आलेली. तिला तो ताप आला आणि धड पायही गेला. मनगटे सुजली. बोटे मिटेनात, त्यामुळे मला धरताच येईना. नेमके त्याच आठवड्यात नुंगंबाक्कमच्या पेन्शन कचेरीतून बोलावणे आले. तुम्ही खरोखर अपंग आहात का, कमाई तर करत नाही ना, याची चौकशी आहे, जातीने हजर राहा.

खालच्या मजल्यावर प्रमोदिनी राहत होती. तिचा नवरा उमाकांत बँकेत, बदलीवर सोलापूरहून आलेला. बाई बोलायला फटकळ, मदतीला पहिली. तिने आमच्यासमोरच कचेरीत फोन लावला.

"अहो, त्यांना उठता येत नाहीये. दोन आठवडे पुढची तारीख द्या." ती ऐकत राहिली. तिचे कान लाल झाले. "म्हणजे? आजारी आहे म्हणून येता येत नाही, आणि आली नाही तर आजारी नाही असं समजणार तुम्ही?"

तिकडून फोन ठेवला गेला.

"काय म्हणाले गे?" सकवारबाईंनी विचारले.

"म्हणाले, सगळेच आजारी आहेत. नाही आल्या तर बंद."

मित्रांनो, मी दारात उभी होते. माझ्यात झाडाचा जो काही जीव उरला असेल, तो त्या दिवशी पेटला.

जायच्या सकाळी सकवारबाईंनी पेटीतून लाल कांजीवरम काढले. स्वतःच्या आईचे. वेणीला पावडर लावली, ठसठशीत कुंकू लावले, केसांत मोगरा माळला. वेणी तापाने फणफणत होती आणि आरशात लग्नघरातल्या करवलीसारखी दिसत होती.

प्रमोदिनी दारात येऊन थबकली. "आत्याबाई! मुंजीला निघालो नाही आपण!"

"भीक मागायला तरी निघालोंत का?" आत्याबाई म्हणाल्या. "सरकारदरबारीं जातांना आजारी तोंड घेऊन जायचें नाही. आमच्या घराण्यांत नाही तें."

"अहो, पण आजारी दिसायलाच तर जायचंय!"

"तुम्ही तिकडची माणसें. तुम्हांस नाही समजायचें. वेणी, साहेब आला कीं उठून उभी राहा. रडगाणें गाऊं नको."

"बरं, आत्ये," वेणी म्हणाली. तिच्यात वाद घालायचे त्राण नव्हते.

आत्याबाई घरीच राहिल्या, आम्ही तिघी रिक्षाने गेलो. कचेरी पहिल्या मजल्यावर, लिफ्टला कुलूप. प्रमोदिनीने तिला जवळजवळ उचलूनच वर नेले, मी तिच्या काखेत नुसती अडकवलेली. वर शिपाई म्हणाला, "सोबतच्यांनी बाहेर थांबायचं. खाली बाकडं आहे." प्रमोदिनी भांडली, पण त्याने हात आडवा धरला. साहेबांच्या खोलीत नवीन फरशी बसवली होती, आरशासारखी. दाराशी देवाची तसबीर, आणि तिच्याखाली चपलांची रांग.

"चेरुप्पु बाहेर," शिपाई म्हणाला. चेरुप्पु म्हणजे चपला. एवढेच म्हणाला. माझे नाव त्याने घेतले नव्हते.

वेणीने चपला काढल्या. आणि जन्मभराच्या सवयीने मला त्यांच्या शेजारी टेकवले.

अगं नको, असे मी ओरडले असते. पण लाकडाला तोंड नसते.

ती आत गेली. भिंत, कपाट, टेबल, खुर्ची. घरातलाच रस्ता तिला तिथे सापडला. वाळलेला पाय कांजीवरमच्या निऱ्यांत दडलेला. मांडी दाबणारा हात पदराखाली. अर्ध्या उघड्या दारातून मी पाहत होते, आणि खरे सांगते, मलासुद्धा ती ठीक वाटली.

राममूर्ती नावाचे अधिकारी आतल्या खोलीतून आले. वेणी टेबलावर तळवे टेकून उठून उभी राहिली. आत्याने सांगितले होते ना!

"सौख्यमा?" त्यांनी तमिळमध्ये विचारले. बरे आहे ना?

"सौख्यम्, सर." अंगात ताप, ओठ सुकलेले, आणि ही म्हणाली, बरे आहे. आमच्याकडे या प्रश्नाला दुसरे उत्तर द्यायची पद्धतच नाही.

"स्वयंपाक कोण करतं?"

"मीच करते." बसून करते, सरपटत चुलीपाशी जाते, हे तिने सांगितले नाही. त्यांनी विचारले नाही.

"जिना चढता येतो?"

"आत्ता चढून आले ना सर." ती चक्क हसली. पाहुण्यांपुढे हसतात तशी.

"मग नोकरी का केली नाही?"

ती खाली फरशीकडे बघत राहिली. राममूर्तींनी लिहून टाकले. टेबलाच्या अलीकडे येऊन त्यांनी तिचा पाय पाहिला नाही. दाराकडे एकदा नजर टाकली असती तरी मी दिसले असते, चपलांच्या रांगेत ताठ उभी. डॉक्टरांचा जुना दाखला त्यांच्यासमोर होता. ते म्हणाले, "हा फार जुना आहे."

पोलिओ काय कपड्यासारखा विरतो?

वेणी परत दाराशी आली, चपलेत पाय घातला आणि मला धरायला हात पुढे केला. बोटे मिटली नाहीत. मी सटकले, खाडकन आपटले आणि माझ्यामागून ती, लाल कांजीवरमासकट, परक्यांच्या चपलांवर कोसळली. मोगऱ्याच्या कळ्या सगळीकडे उडाल्या. आतून आवाज आला, "पार्त्तु, अम्मा." जपून. आणि त्याच दमात, "पुढचे कोण?"

जपून म्हणे!

पेन्शन बंद झाले. कारण लिहून आले ते प्रमोदिनीने वाचून दाखवले. बाई आधाराशिवाय चालत आल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या, प्रकृती चांगली असल्याचे स्वतः सांगितले.

प्रमोदिनीने कागद सकवारबाईंच्या पुढ्यात ठेवला.

म्हातारी उठली आणि दारात आली. मला वाटले, आता मला रस्त्यावर फेकणार. तिने मला उचलले, मोरीत नेले आणि माझा पाय चिंचेने घासून घासून धुतला, देवाची तांब्याची भांडी घासतात तसा. मग मला आत आणून देवघराला टेकवून उभे केले. जन्मात प्रथमच मी घराचा उंबरा ओलांडला होता.

"ही आजपासून दारांत राहणार नाही," ती म्हणाली. "मीच पोरीचा पाय बाहेर ठेववीत होतें."

"असूं द्या आत्ये," वेणी म्हणाली.

"काय असूं द्या? तूं पण मुलखाची गरीब! ताप आहे तर ताप आहे म्हणून सांगावें कीं नाही?"

"तुम्हीच म्हणालांत, रडगाणें गाऊं नको."

म्हातारीने कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाली, "गा आतां. माझी परवानगी आहे." आणि त्या दोघी इतक्या दिवसांनी हसल्या. प्रमोदिनी मात्र डोळे पुसत खाली गेली आणि फेरचौकशीच्या मागे लागली.

ती लवकर झाली असे समजू नका. दिवाळी गेली, पोंगल गेला. जुन्या पट्टू, म्हणजे रेशमी, साड्यांची जर विकत घेणारा गल्लीतून ओरडत जाई, त्याला सकवारबाईंनी एके दिवशी वर बोलावले. ते लाल कांजीवरम गेले. त्यावर दोघींनी काही महिने काढले. ताप उतरला होता, पण बोटे पूर्वीसारखी झाली नाहीत. आणि फेरचौकशी कुणापुढे? त्याच खोलीत, त्याच राममूर्तींपुढे. स्वतःची चूक तपासायला त्यांनाच बसवले होते.

या वेळी वेणी घरातल्या विटक्या सुती साडीत गेली. मला तिच्या मनगटाला पंच्याने बांधले होते. दाराशी शिपाई म्हणाला, "चेरुप्पु बाहेर." तिने चपला काढल्या. मग माझ्याकडे बोट करून तो म्हणाला, "हेही."

"हा माझा पाय आहे," वेणी म्हणाली. "तुमचा काढून ठेवा, मग माझा ठेवते."

आम्ही आत गेलो. त्या आरशासारख्या फरशीवर मी मुद्दाम वाजत गेले. टक. टक. टक. खोलीतले सगळे कारकून माना वर करून बघू लागले. राममूर्ती आले, सगळे उठले. वेणी बसून राहिली.

त्यांनी वर न बघताच विचारले, "सौख्यमा?"

"नाही," वेणी म्हणाली. "सौख्य नाही सर."

त्यांनी मान वर केली. मला वाटते, हे उत्तर त्यांनी त्या खुर्चीत कधी ऐकले नसावे.

"मागच्या वेळी मी उभी राहिले ते मोठ्यांपुढे उभं राहावं म्हणून. बरी आहे म्हणाले ते तुम्ही विचारलंत म्हणून. मी तुमचा मान ठेवला, सर. तुम्ही तो माझ्याविरुद्ध लिहिलात." तिने मला एकदा फरशीवर आपटले. "आता इकडे या आणि माझा पाय बघा. मी दाखवायला लाजते. तुम्ही बघायला लाजू नका."

ते उठले. टेबलाला वळसा घालून आले. आणि त्यांनी पाहिले. एवढे चार पावलांचे काम होते, मित्रांनो. ते पहिल्या दिवशी केले असते तर?

पेन्शन पुन्हा सुरू झाले. पण त्या कागदावर सही व्हायला उन्हाळा उजाडला, आणि सकवारबाई त्याआधीच गेल्या. शेवटी त्यांना कळत नव्हते, तरी रोज विचारायच्या, "आलें का गे पोरीचें?" वेणी म्हणायची, "आलें, आत्ये." हे खोटे तिला कुणी बोलायला लावले, ते मी विसरणार नाही.

उमाकांतांची बदली झाली आणि प्रमोदिनी सोलापूरला परत गेली. सणाला तिचा फोन येतो. पहिले वाक्य ठरलेले, "वेणीताई, खरं सांगा, कशा आहात?" राममूर्ती बढती घेऊन दुसऱ्या शहरात गेले म्हणतात. त्यांचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. शिपाई अजून तिथेच आहे, आणि काठ्या-कुबड्या तो आता आत जाऊ देतो असे ऐकले. वेणीची बोटे शेवटी मिटलीच नाहीत. ती चाकाच्या खुर्चीत असते आणि मला काम उरले नाही. मी देवघरापाशीच आहे. माझी गादी विरली, पण लुगड्याचा रंग शिवणीत अजून दिसतो.

मित्रांनो, माझ्यावर धूळ बसली तर पुसली नाही तरी चालेल. एवढेच करा. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापैकी कुणी टेबलामागे बसेल. समोरचे माणूस नटून आले असेल, हसेल आणि म्हणेल की बरे आहे. तेव्हा लिहायची घाई करू नका. आधी उठून दाराशी जा, आणि चपलांच्या रांगेत ते काय ठेवून आले आहे, ते बघा.