डमी

दादाच्या एका गालावर साबणाचा फेस होता आणि दुसरा गुळगुळीत झाला होता, तेवढ्यात सलूनमधल्या रेडिओवर त्याच्या बहिणीचं नवं गाणं लागलं.

"आलं बघा तुमचं!" सलूनवाला वस्तरा हवेत धरून म्हणाला. "आल्या आल्या यादीत पहिला नंबर. दादा, आता पार्टी लागली हं."

दादा डोळे मिटूनच हसला. टिटवीचं गाणं आलं की ते वर जाणारच, यात त्याला नवल राहिलं नव्हतं. टिटवी हे तिचं घरचं नाव. जन्मल्या जन्मल्या तिने असा टाहो फोडला होता की वडिलांनी दवाखान्यातच नाव ठेवून टाकलं. पुढे रेकॉर्ड कंपनीने तिला चकचकीत नाव दिलं, पोस्टरवर कसंबसं मावणारं, पण घरी ती टिटवीच राहिली. आवाज तिचा आणि शब्द दादाचे, हे पहिल्या रेकॉर्डपासून चालत आलेलं. तारखा दादा द्यायचा, करार दादा करायचा. मुलाखतीत ती काय बोलणार ते दादा ठरवायचा आणि पुष्कळदा तिच्याऐवजी बोलूनही टाकायचा. बहिणीसाठी आपण हाडाची काडं केली असं तो चारचौघांत सांगे, आणि ते खोटं नव्हतं.

गेले काही आठवडे तर टिटवी भलतीच खुशीत होती. सकाळी गुणगुणायची, कपाटं आवरायला काढली होती, जुने कपडे वाटून टाकले होते. दौऱ्याच्या तयारीला लागली पोरगी, असं दादाला वाटलं. त्याला वाटलं म्हणजे ते तसंच असायचं.

रेडिओवर सुरुवातीची गिटार संपली. दादा मनातल्या मनात पुढे गेला, *रात गुलाबी, रात गुलाबी, घेऊन आली तुझीच साथ.* आणि टिटवी गायली,

*दार उघड ना, दार उघड ना,*
*ऐकतंय का कोणी आत?*
*मी दमले रे, मी दमले रे,*
*सोड ना आता माझा हात.*

दादाने डोळे उघडले. समोरच्या आरशात अर्धा फेसाळलेला एक माणूस आ वासून बसला होता.

"हे कुठलं गाणं?"

"कुठलं म्हणजे? तुमचंच की."

"हे माझे शब्द नाहीत."

सलूनवाला हसायला लागला. "काय दादा, गरिबाची थट्टा करता! काल माझी बायको भांडी घासता घासता नळ बंद करून उभी राहिली हे ऐकायला. म्हणाली, माझ्या मनातलं या माणसाला कळलं कसं? मी म्हटलं, अगं, लिहिणाऱ्याला सगळं कळतं. अहो... अहो दादा! वस्तरा आहे हातात, उठताय काय!"

दादा उठला होता. गळ्याभोवतीचं कापड काढून त्याने खुर्चीवर टाकलं आणि तसाच रस्त्यावर आला. ते शब्द त्याने कुठेतरी ऐकले होते. कुठे, ते चौकापर्यंत पोचल्यावर आठवलं. ती डमी होती.

गाण्याच्या धंद्यात आधी चाल तयार होते आणि मग शब्द. पण नुसती चाल लिहिणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही, म्हणून गायिका तोंडाला येतील ते शब्द घालून ती एकदा गाऊन ठेवते. अर्थ असो वा नसो. बाजाराची यादी चालते, शेजारणीचं भांडण चालतं. याला म्हणायचं डमी. लिहिणारा ती ऐकतो, मात्रा मोजतो, आणि त्याच मापाचे खरे शब्द शिवून देतो. डमीचे शब्द मात्र त्याने ऐकायचे नसतात. ऐकले तर तेच जिभेवर बसतात आणि स्वतःचं काही सुचत नाही. दादाने कानाला तशी सवयच लावून घेतली होती. इतकी वर्षं टिटवी गायची आणि त्याला ऐकू यायचं फक्त लघु-गुरू, लघु-गुरू.

म्हणजे कोणत्या तरी दिवट्याने खऱ्या गाण्याऐवजी डमी बाजारात पाठवली होती! दादाने टिटवीला फोन लावला. तिने उचलला नाही. परत लावणार तोच कंपनीच्या साहेबांचा आला.

"दादा! अहो, काय लिहिलंत, काय लिहिलंत! माझी मिसेस रडली. मुलगी रडली. मी स्वतः गाडी बाजूला घेतली, आता काय सांगू तुम्हाला."

"साहेब, जरा घोटाळा—"

"घोटाळा एवढाच की इतकी वर्षं तुम्ही आमच्यापासून हे लपवून ठेवलंत. कसलं गुलाबी आणि शराबी लिहीत होतात हो! आता दुपारी ताईंची नवी डमी आहे ना? त्याच्यावर असंच द्या. असंच रडवणारं. आता नम्रपणा पुरे, कामाला लागा."

फोन बंद झाला. आयत्या बिळावरचा नागोबा म्हणतात तो आपणच, हे दादाच्या ध्यानात आलं. पण त्याहून वाईट गोष्ट मागून येत होती. *मी दमले रे* हे मापासाठी घातलेले शब्द वाटत नव्हते. शब्द भरताना माणूस बाजाराची यादी गातो, असं गात नाही. हात सोड म्हणजे कोणाचा? तिचा हात धरणारा दुसरा होता कोण?

स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर होता. दादा धापा टाकत वर पोचला तेव्हा रेकॉर्डिस्ट माईकची वायर गुंडाळत होता. पहिल्या गाण्यापासून टिटवीचा आवाज याच माणसाने धरला होता. बोलायला कमी, आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात.

"डमी कोणी पाठवली?" दादा दारातूनच ओरडला. "कोणाची अक्कल गहाण पडली होती?"

"डमी नाही पाठवली, दादा. फायनल पाठवली."

"मी आत्ता ऐकून आलोय!"

"मग फायनलच ऐकलीत." रेकॉर्डिस्टने वायर खाली ठेवली. "फायनलच्या दिवशी ताईंनी तेच शब्द गायले. तुमचा कागद समोर स्टँडवर होता. त्यांनी तो उलटा करून ठेवला आणि गायल्या. तुम्ही इथेच बसला होतात, या खुर्चीत. काचेतून त्या सगळा वेळ तुमच्याकडे बघत होत्या."

दादाने खुर्चीकडे पाहिलं. तो दिवस त्याला आठवत होता. मांडीवर फोन होता, दौऱ्याच्या तारखांवरून कोणाशी तरी मेसेजवर घासाघीस चालली होती. पायाने ताल धरला होता. कानात गाणं वाजत होतं, रात गुलाबी, रात गुलाबी. स्वतःचे शब्द तोंडपाठ असले की ते ऐकायला दुसऱ्याने गावं लागत नाही.

"मी काय म्हणालो?"

"तुम्ही मान डोलावलीत. फर्स्ट क्लास म्हणालात. मी मुद्दाम विचारलं, दादा, शब्द ठीक आहेत ना?" रेकॉर्डिस्ट थांबला.

"मग?"

"तुम्ही म्हणालात, शब्द माझे आहेत, ठीक नसायला काय झालं?"

तो त्याच खुर्चीत बसला, कारण दुसरीकडे बसायला जागा नव्हती. *सोड ना आता माझा हात.* त्याच्यावर त्याने लिहिलं होतं, *आज न सोडीन तुझा हात.* ती ओळ लिहून झाली तेव्हा तो स्वतःवर बेहद्द खूश झाला होता. 'हात' हा शब्द कसा आपसूक सुचला म्हणून.

"आधीच्या आहेत का?" त्याने विचारलं. "डम्या?"

"आहेत. मी काही पुसत नाही."

रेकॉर्डिस्टने हेडफोन पुढे केले. पहिली डमी लागली. टिटवीचा आवाज कोवळा होता. *भूक लागली, भूक लागली, दादा आता पुरे ना,* आणि शेवटी फिदीफिदी हसणं. दादालाही हसू आलं. गालावरचा वाळलेला साबण तडकला. या चालीवर त्याने तिचं पहिलं गाजलेलं गाणं लिहिलं होतं, अन् त्या दिवशी ती खरंच उपाशी होती की काय कोण जाणे. त्याने दुसरी लाव म्हणून खूण केली.

*घसा दुखतो, घसा दुखतो, उद्या नको ना गाणं.* दादाचं हसू मावळलं. त्या उद्याचा कार्यक्रम झाला होता. त्यानंतर बराच काळ टिटवीला डॉक्टरांची बोलायचीही बंदी होती, आणि दादा पत्रकारांना सांगत होता की ती सध्या मौन पाळते आहे.

मग आणखी काही. कुठे नुसतीच बडबड, कुठे घरातल्या मांजराचं कौतुक, कुठे न केलेल्या लग्नाची अर्धी ओळ. दादा ऐकत राहिला. आणि मग ती लागली.

*आई एकटी, जाऊ दे ना. आई एकटी, जाऊ दे ना.*

चाल नाचाची होती. याच चालीवर त्याने *झाली बावरी, नाचू दे ना* लिहिलं होतं. सगळ्यात जास्त खपलेलं गाणं. ज्या लग्नात ते वाजलं नाही ते लग्न नव्हे, असं लोक म्हणायचे. 'दे ना' एवढं त्याने तिचंच ठेवलं होतं. ते यादीत पहिलं असताना त्यांची आई अंथरुणावर होती. टिटवी म्हणायची, एकदा घरी जाऊन येऊ. दादा म्हणायचा, एवढा दौरा संपू दे. दौरा संपवून दोघं घरी पोचली तेव्हा शेजारच्या मावशी किल्ली घेऊन दारात उभ्या होत्या, आणि आत कोणी नव्हतं.

दादाने हेडफोन काढले नाहीत. गाणं संपलं तरी ते त्याच्या कानांवर तसेच होते. जगातल्या यच्चयावत माणसांना जे ऐकू आलं, भांडी घासणाऱ्या बाईला ऐकू आलं, गाडीतल्या साहेबांना ऐकू आलं, ते मोजायला हा माणूस समोर बसला होता, आणि त्याने ते मोजलं होतं. मापात एकदा चूक केली नाही.

दार उघडलं. टिटवी आत आली. तिने पर्स ठेवली, दादाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"हे काय ध्यान! दाढी अर्धीच?"

"फोन का नाही उचललास?"

"सामान हलवत होते. पोरं टेम्पोत पेट्या चढवत होती, ऐकू नाही आला." ती सहज म्हणाली. "नवं घर छोटं आहे, पण उजेड छान आहे. तू ये एकदा."

ती पुढे झाली. तिचा चेहरा इतका मोकळा त्याने लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"दादा, तुला एक सांगायचं राहिलंय. फायनलच्या दिवशी मी खूप घाबरले होते. मला वाटलं, तू आता उठशील, रेकॉर्डिंग थांबवशील, मला झापशील. बाहेर मी तोंड उघडलं की तू मध्ये बोलतोस. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला की तेवढा गप्प बसतोस. म्हटलं, आता सरळ विचारूनच टाकू. आणि तू अख्खं ऐकलंस आणि मान डोलावलीस." तिचे डोळे भरून आले. "फर्स्ट क्लास म्हणालास. त्या दिवशी घरी जाऊन मी केवढी रडले! वाटलं, दादाने सोडलं मला. न भांडता सोडलं. आजच्या डमीचं एवढं एकच गाणं करारातलं उरलंय. ते झालं की मी मोकळी. कळलं ना?"

रेकॉर्डिस्टने मान खाली घातली आणि गुंडाळलेली वायर उगाच सोडून पुन्हा गुंडाळायला घेतली.

दादाच्या ओठांवर वाक्य आलं होतं. अगं, मी ऐकलंच नव्हतं. एवढं म्हटलं असतं की मान डोलावणं रद्द झालं असतं. टेम्पो परत बोलावता आला असता, साहेबांना गाणी देता आली असती. जन्मभर तो असंच बोलत आला होता, तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत.

"ऐकलं होतंस ना, दादा?"

टिटवीची नजर त्याच्या कानांवरच्या हेडफोनकडे गेली. मग समोरच्या पडद्याकडे, जिथे जुन्या गाण्यांच्या डम्यांची नावं उघडी पडली होती. ती नावं तिने वाचली. एक श्वास आत घेऊन तो तिने तसाच धरून ठेवला.

"ऐकलं होतं," दादा म्हणाला. "सगळं ऐकलं होतं मी."

ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली. मग पर्समधून रुमाल काढून तिने त्याच्या गालावरचा वाळलेला साबण पुसला, आईसारखा जरा खसाखसाच, आणि काचेपलीकडच्या खोलीत गेली.

लाल दिवा लागला. सवयीने उचललेली पेन्सिल दादाने खाली ठेवली. मात्रा मोजायच्याच नाहीत असं त्याने ठरवलं. पुढे वाकून, जीव कानात गोळा करून तो ऐकू लागला. आज ती काहीही मागो, भूक लागली म्हणो, घसा दुखतो म्हणो, एक शब्दही तो वाया जाऊ देणार नव्हता.

टिटवीने डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली.

*ला ला ला ला, ला ला ला.*

दादा थांबला. मुखडा गेला, अंतरा आला. *ला ला ला.* आवाज हलका होता, खुशीत होता. कोणाकडे काही मागत नव्हता. काचेकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

टिटवे, काहीतरी बोल गं, असं त्याच्या अगदी जिभेवर आलं, हातही वर झाला. पण दिवा लागलेला होता, आणि दिवा लागल्यावर मध्ये बोलायचं नाही, हा नियम त्यानेच घातलेला होता.