फोनला कुलूप

फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बायको रडलेली अजिबात बघवायची नाही. त्यापायीच त्याने छावणीबाहेर सांगायची नसलेली गोष्ट तिला सांगून टाकली आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

गोष्ट साधी. फौज परमुलखात, घरं समुद्रापलीकडे. छावणीत कुणाचं काही बरंवाईट झालं की फोनखोली बंद. मोबाइल तर आल्याआल्याच जमा केलेले. त्या माणसाच्या घरी दोन अधिकारी जाऊन, दार वाजवून, समोरासमोर सांगत नाहीत, तोवर कुणी घरी एक शब्द बोलायचा नाही. म्हणजे बातमी भलत्याच तोंडून आधी पोचत नाही. याला सगळे ‘कुलूप लागलं’ म्हणत. नियम चांगलाच होता, त्याला कोण नावं ठेवणार? फक्त ज्याच्या घरी फोन जात नाही, त्याचा जीव टांगणीला लागतो, त्याचं काय करायचं हे नियमात लिहिलेलं नव्हतं.

मागे एकदा कुलूप लागलं तेव्हा बायकोने अन्नपाणी सोडलं होतं. नंतर फोनवर मिस्त्रीने तिला समजावलं, “अगं वेडे, फोन आला नाही तर एवढंच बघायचं, दाराशी कुणी अधिकारी येतोय का. कुणी आलं नाही ना, मग मी ठणठणीत!”

केवढा शहाणा! फोनची भीती घालवली आणि दाराची लावून दिली. त्या दिवसापासून घरी बेल वाजली की ती बाई जागच्या जागी थिजायची. दूधवाल्यालासुद्धा तिने ताकीद दिली होती, पिशवी ठेव आणि मुकाट्याने जा, बेलला हात लावायचा नाही.

आणि मग रेडिओ गेला.

रेडिओ म्हणजे पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. तोंड मिटायचं त्याला ठाऊकच नव्हतं, म्हणून रेडिओ. छावणीत त्याची खाट मिस्त्रीच्या शेजारी, आणि घरीही तेच, एकाच मजल्यावर समोरासमोर दारं. त्या सकाळी निघताना म्हणाला, “ब्रेक नीट केलेस ना रे? नाहीतर गावभर तुझ्या नावाने बोंब मारीन.” ब्रेक नीट होते. पण रस्त्यात पुरलेल्या सुरुंगाला ब्रेकशी काय देणंघेणं?

दुपारी टँकर साखळीने ओढून मिस्त्रीच्याच शेडमध्ये आणला. पुढचा भाग उरलाच नव्हता म्हणा ना. मिस्त्री हत्यारांच्या पेटीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग डोळे पुसून बाहेर आला, तर फोनखोलीबाहेर माणसं नुसती उभी होती. कुलूप लागलं होतं.

घरी ती वाट बघत असेल. दाराकडे बघत असेल. मिस्त्रीच्या मनात आलं, वहिनींना सांगा रे एकदाचं, म्हणजे माझा फोन लागेल! विचार आला तसा त्याला स्वतःचीच किळस आली. जिवलग मित्र गेलाय आणि हा घाई करतोय, त्याच्या बायकोवर आभाळ कोसळायची. पण गेला का तो विचार? छे! दुसऱ्या दिवशीही नट आवळताना, हात धुताना, घास गिळताना तेच. सांगा एकदाचं.

शेवटी तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. “साहेब, एक शब्द. नुसतं ‘आहे’ म्हणतो आणि ठेवतो.”

साहेबांनी मान हलवली. “मिस्त्री, मीही घरी फोन केलेला नाही.”

“पण एवढा वेळ का लागतोय? वहिनी तर घरीच असतात.”

“घर बंद आहे त्यांचं. आपली माणसं दोनदा जाऊन आली. समोरच्यांना विचारावं म्हणून बेल वाजवली, तर ते दार उघडत नाहीत. आत माणसं आहेत, चाहूल लागते, पण उघडायला कुणी येत नाही.”

मिस्त्री म्हणाला, “साहेब, ते समोरचं घर माझं आहे.”

मग मिस्त्रीने सगळं ओकून टाकलं, बायकोला काय सांगितलं, कसं सांगितलं. “तिला वाटतंय, माझीच बातमी घेऊन आलेत. मी फोन केल्याशिवाय ती दार उघडायची नाही, साहेब!”

“आणि तिने उघडल्याशिवाय मला फोन सुरू करता यायचा नाही,” साहेब म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. “बंद दारातून काय ओरडायचं त्यांनी? तुमचा नवरा नाही, समोरच्या बाईंचा गेला?”

मिस्त्री शेडमध्ये परत गेला आणि धड असलेलं एक इंजिन उगाच खोलून बसला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुलूप निघालं. रांगेत त्याचा नंबर लागला, तसा त्याने घरी फोन लावला.

“मी बोलतोय,” तो म्हणाला. “मी आहे गं.”

पलीकडे ती रडली, पण आवाज न करता. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, “आपल्या चिमीने दार उघडलं. मी आतल्या खोलीत कान झाकून बसले होते. वहिनी माझ्याजवळच होत्या हो. फोन बंद झाल्यापासून त्या इथेच राहिल्या होत्या, मला एकटीला सोडायचं नाही म्हणून. बेल वाजली की मी त्यांनाही उठू देत नव्हते. मला सारख्या म्हणायच्या, भावजींना काही होत नाही, तू घाबरू नकोस.”

“बरं, मग?”

“ते लोक आत आले तसा मी वहिनींचा हात घट्ट धरला. त्यांनी वहिनींचं नाव घेतलं. आणि मी... मी मोठ्याने ओरडले, देवा, वाचवलंस! वहिनींचा हात माझ्या हातात होता. त्यांनी तो सोडवून घेतला आणि स्वतःच्या घरात गेल्या. दार उघडंच आहे त्यांचं. समोर बसलेल्या दिसताहेत. माझी पाऊल टाकायची हिंमत होत नाही.”

मिस्त्रीच्या मनात आलं, सांगावं का, की मीही तेच मागत होतो? त्याला सांगता आलं नाही.

तेवढ्यात पलीकडे धावत आलेल्या पावलांचा आवाज झाला आणि चिमी आनंदाने किंचाळली, “बाबा! माझ्या बाबांचा फोन आला! माझे बाबा!”

लगेच ते किंचाळणं दबलं. आईने तिच्या तोंडावर हात ठेवला असणार. हाताखालून पोरीची धडपड ऐकू येत होती. त्याचा जीव किती आसुसला होता त्या आवाजासाठी!

“चिमे,” मिस्त्री म्हणाला, “हळू बोल, बाळा. वहिनींना ऐकू जाईल.”